पाळी सुटल्यावरचा वग

पिंपरी-चिंचवडमध्ये नाट्यगृहांना तोटा नाही. संत तुकारामनगरात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह, प्राधिकरणात गदिमांच्या नावाचं नवं नाट्यगृह, आणि पिंपळे गुरवला निळू फुले रंगमंदिर. या नावांत साहित्यिक आहेत, पुढारी आहेत. हाताला घट्टे पडलेला माणूस एकच. निळूभाऊ पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते, आणि नट म्हणून घडले ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. अशी कलापथकं त्या काळात महाराष्ट्रभर फिरत. त्यांतलं सगळ्यांत धगधगतं मात्र सेवा दलाचं नव्हतं. ते होतं लाल बावटा कलापथक. १९४४ ते १९४९ ही त्याची भराची वर्षं. कष्टकऱ्यांवरची इतकी नवी नाटकं इतक्या थोड्या काळात, तीही कष्टकऱ्यांसमोरच उभी करणारी दुसरी मंडळी मराठीत शोधावी लागेल.

हा इतिहास मुंबईच्या गिरणगावचा म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. तरी त्याचा एक धागा चाकणच्या शिवेवरून जातो. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातलं कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांचं मूळ गाव. लोखंडे ठाण्यात वाढले, मांडवीच्या गिरणीत भांडारपाल झाले आणि पुढे मुंबईतून ‘दीनबंधू’ चालवू लागले. १८८४ साली परळला त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्या सहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर. आज त्याच कन्हेरसरच्या शिवारात खेडच्या विशेष आर्थिक क्षेत्राची जमीन आहे. तालुक्याला लोखंडे आठवतात की नाही, हा प्रश्न मी विचारत नाही. उत्तर आवडणार नाही.

लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी. फुल्यांनी १८५५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ‘तृतीय रत्न’ नावाचं नाटक लिहिलं होतं. विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झालेली. मराठी रंगमंचावर अजून देव आणि राक्षस झुंजत होते, आणि फुल्यांनी तिथे एक कुणबी आणला, त्याची गरोदर बायको आणली, त्या दोघांना ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी आणला आणि मधे तोंड घालणारा विदूषक आणला. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नापसंत केलं. ते शंभराहून अधिक वर्षं अप्रकाशित पडून राहिलं. म्हणजे कष्टकरी माणसाचं पहिलं मराठी नाटक लिहिलं गेलं ते पुण्यात, आणि तोंड उघडायच्या आधीच ते गप्प झालं.

पण फुल्यांच्या माणसांनी नाटकाची वाट बदलली. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला भीमराव महामुनी यांच्यासारख्यांनी सत्यशोधक जलसे रचले. साचा तमाशाचाच. ढोलकी, तुणतुणं, गण, सोंगाड्या, शेवटी वग. फरक इतकाच की गवळणीच्या जागी गावातला कुळकर्णी आला, पुरोहित आला, सावकाराचं व्याज आलं. थिएटर लागत नव्हतं, तिकीट नव्हतं, देवळापुढचं पटांगण आणि दोन दिवट्या पुरत. जलसेकरी दिवसा शेतात किंवा आपापल्या धंद्यात असत. पुढे नाशिककडे भीमराव कर्डकांनी हेच हत्यार आंबेडकरी जलशासाठी परजलं. शाहिरांची जी पिढी १९४० नंतर गिरणगावात गर्जली, तिला ही घरची शिदोरी आयती मिळाली.

गिरणगाव म्हणजे तेव्हा घाटावरचे आणि कोकणातले एकटे पुरुष. बायको गावी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा जण, जेवण खाणावळीत. सातारा, पुणे, नगरकडच्यांना तमाशाचा नाद, कोकणातल्यांना नमन-खेळे आणि दशावताराचा. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं परळचं दामोदर हॉल १९२२ पासून उभं होतं, आणि तिथे गिरणी कामगार स्वतः नाटकं करत. मामा वरेरकरांनी १९३२ मध्ये ‘सोन्याचा कळस’मधून गिरणीचा संघर्ष व्यावसायिक मंचावर आणला. पुढे २५ मे १९४३ रोजी मुंबईत ‘इप्टा’ (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष कुणी नटवर्य नव्हते. ते होते हेच कामगार पुढारी ना. म. जोशी. सरमळकरांचं ‘दादा’ हे गिरणी कामगारांच्या आयुष्यावरचं नाटक त्याच सुमाराचं.

वर्षभरात लाल बावटा कलापथक निघालं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गवाणकर अशी तिघांची जोडणी.

अण्णाभाऊ वाटेगावचे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले, मांग समाजातले. दुष्काळाच्या दिवसांत बापाबरोबर वाटेत मिळेल ते काम करत पायी मुंबईला आले. कोळसे वेचले, फेरी केली, हमाली केली, गिरणीत लागले. शाळेचं तोंड नावापुरतं पाहिलेलं; अक्षरं जमली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. माटुंग्याच्या लेबर कँपात राहताना ते कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तुळात आले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब. मोटारीवर क्लीनर, मग बार्शीच्या गिरणीत कामगार, संपात तुरुंग. आवाज असा की लाखाच्या सभेत ध्वनिक्षेपक बंद पडला तरी चालावं, अशी त्यांची ख्याती. गवाणकर तिघांत शांत, पण चाल बांधणं, मेळ बसवणं हे त्यांचं. लेखणी, गळा आणि ताल अशी ही वाटणी होती, तरी तिघेही लिहीत आणि तिघेही गात.

इथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. पथक निघालं तेव्हा कम्युनिस्ट पक्ष युद्धाच्या बाजूने होता. बेचाळीसच्या लढ्यात सेवा दलाची पोरं भूमिगत असताना हेच शाहीर स्टालिनग्राडचा पोवाडा गात होते. अण्णाभाऊंचं शाहीर म्हणून नाव झालं ते याच पोवाड्याने. समाजवाद्यांनी हे कधी विसरू दिलं नाही, आणि दोन्हीकडची कलापथकं पुढे एकाच गावात आली की जुगलबंदीला धार यायची. कामगार प्रेक्षक मात्र या हिशोबात फार अडकला नाही. त्याला रेशनची रांग, महागाई भत्ता आणि काळाबाजार दिसत होता, आणि तो रंगमंचावर दाखवणारे हेच होते.

पहिला मोठा वग ‘अकलेची गोष्ट’. शेतकरी आणि त्याला नाडणारा सावकार ही जलशातली जुनीच जोडी, पण शेतकरी आता रडका नव्हता. मग ‘देशभक्त घोटाळे’ आला. खादी घालून काळाबाजार करणाऱ्याचं सोंग त्यात होतं आणि शीर्षकातच निम्मा विनोद होता. ‘शेटजींचं इलेक्शन’ १९४६ च्या निवडणुकीच्या हवेत, ‘बेकायदेशीर’, ‘माझी मुंबई’, ‘मूक मिरवणूक’, आणि पुढे ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘पुढारी मिळाला’. बाहेर जे चालू आहे ते महिन्याभरात वगात. ‘माझी मुंबई’त वाद एकच आहे: मुंबई कोणाची? जागेचा कागद ज्याच्या तिजोरीत आहे त्याची, की ज्याने ती बांधली, विणली आणि उपसली त्याची? संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून हा प्रश्न गाजायच्या कितीतरी आधी तो परळच्या मैदानात ढोलकीवर विचारला गेला होता.

प्रयोग कसा चाले, हे पाहण्यासारखं आहे, कारण नाटकाची ताकद तिथेच होती. पाळी सुटली, भोंगा झाला, माणसं चाळीत जाऊन हातपाय धुऊन आली की कामगार मैदानात किंवा दोन चाळींच्या मधल्या वाडीत फळ्या टाकून मंच उभा. पडदा नाही. डफावर थाप, तुणतुण्याची तार, कोरसची ‘जी जी’. गण व्हायचा, पण त्यात गणपतीऐवजी मायभूमीला, शिवरायाला आणि राबणाऱ्यांना मुजरा. गवळण काढून टाकलेली. राधेला अडवणारा कृष्ण नाही आणि नाचीही नाही. नाचीशिवाय तमाशा चालेल का, ही शंका जाणत्यांना होती. तो चालला, कारण रिकामी झालेली सगळी जागा सोंगाड्याने घेतली. सोंगाड्या म्हणजे आता कामगार. शेटजी पल्लेदार बोलतो, वकील कलमं सांगतो, मंत्री आश्वासनं देतो. सोंगाड्या प्रत्येक वाक्याचा सरळ अर्थ लावतो, आणि सरळ अर्थ लावला की समोरचा उघडा पडतो. गाव बदलायचं असलं की मंचावर एक फेरी. साताऱ्याहून मुंबईला यायला तमाशात एवढंच लागतं.

वगाची संहिता अण्णाभाऊ लिहीत, पण बतावणी सैल असे. सकाळी एखाद्या खात्यात बदली कामगारांना पास नाकारला असेल, तर संध्याकाळी शेटजीच्या तोंडी ते वाक्य यायचं. प्रेक्षकांतून उत्तर यायचं, आणि सोंगाड्या ते उचलून पुढे न्यायचा. तिकडे मॉस्कोत १९२३ पासून ‘निळा डगला’ नावाची कामगारांची नाट्यपथकं वर्तमानपत्रातल्या बातम्याच मंचावर करत. न्यूयॉर्कमध्ये १९३५ साली क्लिफर्ड ओडेट्सने टॅक्सीवाल्यांच्या संपावरचं नाटक प्रेक्षकांत नट बसवून केलं. अण्णाभाऊंना वगाची ही युक्ती परदेशातून आणावी लागली नाही. ती तमाशात पिढ्यान्‌पिढ्या होतीच. राजाची आणि पाटलाची टिंगल तिथे आधीपासून चालत होती. त्यांनी पाटलाच्या जागी गिरणीमालक बसवला.

सरकारला हे झेपलं नाही, यात नवल नाही. आपल्याकडचा नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा तेव्हाचा कायदा १८७६ चा. ‘नीलदर्पण’ने निळीच्या मळ्यातल्या रयतेचे हाल कलकत्त्याच्या मंचावर मांडले, चहामळ्यातल्या मजुरांवरही नाटक लिहिलं गेलं, इंग्रजांना धडकी भरवणाऱ्या नाटकांत ही होती. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ बंद झालं ते पुढे. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा जागचा हलला नाही. १९४८ च्या सुमाराला मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली बंदी घातली. त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध धरपकड सुरू झाली. लाल बावटा दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडला. तमाशा म्हणावं तर बंदी, राजकारण म्हणावं तर तुरुंग. अण्णाभाऊंनी आपल्या वगांना ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली आणि प्रयोग चालू ठेवले. काही वगांवर बंदी आली, शाहीर भूमिगत झाले, प्रयोग जाहीर न करता होऊ लागले. एका वाडीत सुरू झालेला वग पोलीस आले की मोडायचा आणि पुढच्या वाडीत पुढच्या प्रवेशापासून उभा राहायचा, अशा आठवणी जुनी माणसं सांगत. आणि याच धामधुमीत, १९४९ च्या अलाहाबाद अधिवेशनात, ‘इप्टा’चे अखिल भारतीय अध्यक्ष म्हणून निवडले गेले अण्णाभाऊ साठे. ना. म. जोशींच्या खुर्चीवर लेबर कँपातला माणूस.

त्यानंतरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मैदानं पेटवली. १ मे १९६० रोजी, कामगार दिनी, महाराष्ट्र राज्य झालं. पण पथक म्हणून जे होतं ते तोवर विस्कटलं होतं. अमर शेखांचं कलापथक वेगळं झालं होतं, अण्णाभाऊ कादंबऱ्यांकडे वळले होते. ‘फकिरा’ १९५९ ची. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, हलाखीत. दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेख रस्त्यावरच्या अपघातात गेले.

लोकनाट्य राहिलं. उलट ते फोफावलं. सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके आले. यांतले नगरकर केशकर्तनाच्या घरातले, दादा गिरणगावातल्या चाळीतले. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये आलं आणि सोंगाड्या मध्यमवर्गाच्या थिएटरात शिरला. हसू तेच, अचूकपणाही तोच. पण सोंगाड्याला आता काही मागायचं नव्हतं. शाहीर साबळ्यांच्या ‘आंधळं दळतंय’ने मुंबई कोणाची हा प्रश्न पुन्हा विचारला, पण उत्तर वर्गाचं दिलं नाही, भाषेचं दिलं. शिवसेनेच्या जन्माची हवा तयार होण्यात त्या मुक्तनाट्याचा वाटा मानला जातो. एकाच साच्यातून दोन वेगळी राजकारणं निघाली, आणि दुसरं टिकलं.

याच सुमारास पिंपरी उभी राहत होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची, पेनिसिलीनचा सरकारी कारखाना. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, त्याच्या आगेमागे आकुर्डीत बजाज, १९६६ पासून टेल्को. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका. गिरणगाव शंभर वर्षांत घडलं, पिंपरी वीस वर्षांत. इथे येणारा कामगार आयटीआय झालेला होता, कंपनीच्या बसने येत होता, वसाहतीत किंवा प्राधिकरणात त्याचं घर होत होतं आणि बायको-मुलं बरोबर होती. त्याच्या नाटकाची सोयही तयार होती. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ च्या कायद्याने आलं. कामगाराच्या पगारातून सहामाहीला, जून आणि डिसेंबरात, थोडे रुपये कापले जातात, मालक आणि सरकार त्यात भर घालतात, आणि त्या पैशातून कल्याण केंद्रं, वाचनालयं, शिवणवर्ग आणि नाट्यस्पर्धा चालतात. टेल्कोच्या कामगारांची ‘कलासागर’सारखी संस्था आली. कामगार नाटकवेडा होता आणि त्याच्या वेडाला मंच होता.

मग या पट्ट्यातून लाल बावट्यासारखं काही का निघालं नाही? माझ्या मते कारण मंचातच आहे. स्पर्धा म्हटली की परीक्षक आले, दोन-तीन अंकांचं नाटक आलं, नेपथ्याला गुण आले. नेपथ्याला गुण म्हणजे दिवाणखाना, सोफा, मागे जिना. संहिता पुण्या-मुंबईच्या नामवंत नाटककारांची. प्रेस शॉपमध्ये आठ तास उभा राहिलेला माणूस रात्री वकील व्हायचा, डॉक्टर व्हायचा, संभाजी व्हायचा. यात कमीपणा काही नाही. दिवसभर जे केलं तेच रात्री पुन्हा कशाला करायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण गिरणगावात नाटक युनियनच्या मैदानात होत होतं आणि इथे ते कंपनीच्या किंवा मंडळाच्या सभागृहात. कंपनीच्या वार्षिक दिनाला मंचावर शेटजी आणणं अवघड आणि त्याला सोंगाड्या भिडवणं त्याहून अवघड. कामगार नाटकात आला, काम नाटकात आलं नाही.

दोन प्रसंग असे होते की कोणत्याही नाटककाराच्या तोंडाला पाणी सुटावं. पहिला टेल्कोचा. राजन नायर या बडतर्फ कामगाराच्या मागे कारखान्यातले हजारो कामगार उभे राहिले, व्यवस्थापनाने दुसऱ्या संघटनेशी करार केला, आणि सप्टेंबर १९८९ मध्ये हे कामगार पुण्यात येऊन शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. पेशव्यांचा दिल्ली दरवाजा, समोर मोटारी बनवणारी माणसं, दिवसेंदिवस. महिनाअखेरीस एका रात्रीत पोलिसांनी त्यांना गाड्यांत घालून उचललं. ‘घाशीराम’ ज्या शहरात घडतं त्याच शहराच्या चौकात हे झालं. गाजलेल्या मराठी नाटकांची यादी काढली तर त्यात हे सापडत नाही.

गिरणी कामगारांना निदान उशिरा का होईना नाटककार मिळाला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पंधरा वर्षांनी, १९९७ मध्ये, जयंत पवारांचं ‘अधांतर’ आलं. पवार गिरणगावातलेच. नाटकात ना गिरणी दिसते ना संप. दिसते एका चाळीतली खोली, आई, लेखक व्हायची स्वप्नं पाहणारा एक मुलगा, क्रिकेटमध्ये बुडालेला दुसरा, टोळीत गेलेला तिसरा, आणि मुलगी. त्याच वर्षी जानेवारीत सामंतांचा खून झाला होता. २००६ मध्ये रामू रामनाथन यांनी लिहिलेलं आणि सुनील शानबाग यांनी बसवलेलं ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ आलं, त्यात दोन म्हातारे गिरणी कामगार आठवणी सांगतात, गातात. दोन्ही नाटकं उत्तम. पण दोन्ही कारखाना बंद पडल्यावरची. लाल बावट्याची नाटकं भोंगा वाजत असतानाची होती, आणि हा फरक लहान नाही. मेलेल्या गिरणीवरच्या नाटकाला मालकही टाळ्या वाजवू शकतो.

पुण्यात एकदा मात्र गाडी पुन्हा त्या रुळावर आली. गो. पु. देशपांडे यांनी १९९२ च्या सुमारास फुल्यांवर ‘सत्यशोधक’ लिहिलं होतं. दिल्लीच्या जन नाट्य मंचाने ते हिंदीत केलं. हा मंच सफदर हाश्मींचा. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादच्या झंडापूरमध्ये कामगारांपुढे पथनाट्य करताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मराठीत ‘सत्यशोधक’ उभं राहिलं ते २०१२ च्या सुरुवातीला. दिग्दर्शक अतुल पेठे, निर्माती पुणे महानगरपालिका कामगार युनियन, आणि मंचावर महापालिकेचे सफाई कामगार. युनियनच्या मुक्ता मनोहर यांच्याबरोबर पेठ्यांनी आधी ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला होता, त्यामुळे माणसं ओळखीची. पहाटे झाडू मारायला जाणाऱ्या बाया दुपारनंतर तालमीला यायच्या. फुले आणि सावित्रीबाईंच्या भूमिका ओंकार गोवर्धन आणि पर्ण पेठे यांनी केल्या. बाकीचा गाव, बाकीचा समाज, गाणारा कोरस हे सगळं कामगारांचं. महापालिकेच्या नोंदवहीत ज्यांची ओळख हजेरीच्या क्रमांकाची, त्यांची नावं नाटकाच्या श्रेयनामावलीत आली. नाटक त्यांच्या झाडूवर नव्हतं. तरी शाळेत न गेलेली बाई मंचावर शिक्षणाविषयीचं वाक्य म्हणते तेव्हा ते वाक्य लेखकाचं राहत नाही.

वर म्हटलेल्या दोन प्रसंगांतला दुसरा चाकणचा. नव्वदच्या दशकाअखेर बजाज तिथे गेला, आकुर्डीतलं वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबलं. २००९-१० मध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले. २५ जून २०१३ ला बजाजच्या चाकण कारखान्यातले कामगार संपावर गेले. मागण्यांत एक मागणी अशी होती की शाहिराला घरबसल्या वग मिळावा: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर द्या, शेअरला १ रुपया या दराने. बाजारात तेव्हा त्याच शेअरचा भाव हजारांच्या घरात. कामगार म्हणतो, मी मालक होतो. मालक म्हणतो, तू कामगारच राहा, आपल्या कामात सुखी राहा. ‘माझी मुंबई’तला वादच हा, फक्त मुंबईच्या जागी कंपनी. संप पन्नास दिवस चालला आणि १३ ऑगस्टला मागे घेतला गेला. शेअर मिळाले नाहीत.

आज चाकणच्या लाईनवर तीन प्रकारची माणसं एकाच पाना-हातोडीने काम करतात: पर्मनंट, कंत्राटी आणि ट्रेनी. गणवेश सारखा, कँटीन एक, पगार तिघांचे तीन. यवतमाळ, बीड, लातूर, बिहार, ओडिशातून आलेली पोरं कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जण राहतात, शिफ्ट दर आठवड्याला फिरते. १९४४ च्या गिरणगावातल्या खोलीपेक्षा ही खोली फार वेगळी नाही. वेगळं आहे ते हे की तिथे बरेचसे एका गिरणीचे, एका युनियनचे होते. इथे शेजारी शेजारी झोपणारे दोघे वेगवेगळ्या ठेकेदारांचे, आणि ठेकेदार अकरा महिन्यांनी बदलतो. पूर्ण लांबीच्या नाटकाला दीड-दोन महिन्यांची तालीम लागते, सगळ्यांची संध्याकाळ एकाच वेळी मोकळी लागते. अशा खोलीतून ते नाटक निघणं कठीण. वगाला मात्र पाच माणसं पुरतात, एक ढोलकी पुरते, नेपथ्य लागत नाही. आणि शेटजीचं सोंग घेणारा पोरगा ऐन प्रयोगाच्या दिवशी रांजणगावच्या कंपनीत लागला, तर दुपारच्या चहाला दुसऱ्याला बसवून संध्याकाळपर्यंत सगळं सांगता येतं: तू शेटजी, हा सोंगाड्या, त्याने काहीही विचारलं तरी चिडायचं नाही, पैसे नाहीत एवढंच म्हणत राहायचं.